टायटल बारसाठी ब्राउझरच्या आत

फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘अबाउट:थर्ड-पार्टी’ असं टाइप केलं की एक यादी समोर येते. ब्राउझरच्या प्रोसेसमध्ये बाहेरच्या कोणकोणत्या डीएलएल फाइली येऊन बसल्या आहेत, त्याची ही यादी. तिथे अँटिव्हायरसचं नाव दिसलं तर कोणी चकित होत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचं दिसलं तरी नाही. पण विंडोंना रंगीत चौकटी देणाऱ्या, टास्कबारचं रूप पालटणाऱ्या किंवा टायटल बारवर एखादं जादा बटण आणून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं मॉड्यूल तिथे दिसलं, की माणूस दचकतो. डेस्कटॉप सजवणाऱ्या प्रोग्रामचं माझ्या ब्राउझरमध्ये काय काम? बँकेचा पासवर्ड मी इथेच टाकतो, माझी पत्रं इथेच वाचतो. ही शंका अगदी रास्त आहे. तिचं उत्तर ‘काळजी करू नका’ किंवा ‘लगेच काढून टाका’ एवढ्यावर सहसा आटोपलं जातं. हे पुस्तक त्या दोन्ही उत्तरांवर समाधान न मानणाऱ्यांसाठी लिहिलं आहे.

ब्राउझरमध्ये शिरणारं प्रत्येक मॉड्यूल निरुपद्रवी असतं, असा माझा दावा नाही. पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही याच वाटेने आत येतात. पण सजावटीच्या सॉफ्टवेअरला ब्राउझरमधला मजकूर नको असतो. त्याला विंडोची चौकट हवी असते, आणि विंडोजच्या मूळ रचनेत ही चौकट प्रोग्रामच्या आतल्या बाजूने रंगवली जाते. सगळा प्रश्न या एका गोष्टीतून निर्माण झाला आहे. ती गोष्ट नीट कळली की पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं.

नोटपॅडचं उदाहरण घेऊ. मजकूर लिहायची पांढरी जागा नोटपॅडची. पण वरची टायटल बार, कोपऱ्यातली फुलीची खूण, चारी बाजूंची कड यांतली एकही रेघ नोटपॅड लिहिणाऱ्या प्रोग्रामरने काढलेली नसते. ती काढण्याची वेळ आली की विंडोज त्या विंडोला एक संदेश पाठवते. त्याचं नाव डब्ल्यूएम-एनसीपेंट. प्रोग्रामरने त्याची काही वेगळी दखल घेतली नसेल, तर तो संदेश डेफविंडोप्रॉक नावाच्या ठरलेल्या फंक्शनकडे जातो आणि नेहमीची चौकट उमटते. त्याआधी दुसऱ्या एका संदेशाने विचारलेलं असतं की चौकटीला किती जागा सोडायची. माउस हलला की तिसरा संदेश विचारतो, बाण आत्ता कशावर आहे: टायटल बारवर, कडेवर की बंद करायच्या बटणावर? विंडो मागे गेली की टायटल बार फिकी करायला सांगणारा चौथा येतो. हा सगळा संवाद नोटपॅडच्याच थ्रेडवर, नोटपॅडच्याच प्रोसेसमध्ये चालतो. बाहेरच्या प्रोग्रामला त्यात तोंड घालता येत नाही.

पूर्वी येत असे. सोळा-बिटी विंडोजमध्ये सगळे प्रोग्राम एकाच मेमरीत नांदत होते. १९९३ साली विंडोज एनटी आलं, दोन वर्षांनी विंडोज ९५ आलं, आणि प्रत्येक बत्तीस-बिटी प्रोग्रामला स्वतःचा वेगळा मेमरी-प्रदेश मिळाला. मध्ये भिंत उभी राहिली. एका प्रोसेसमधला पत्ता दुसऱ्या प्रोसेसमध्ये निरर्थक ठरला. विंडोचे संदेश हाताळणारं फंक्शन बदलायची सोय विंडोजने दिली आहे, पण अट अशी की ती विंडो तुमच्याच प्रोसेसची असली पाहिजे. परक्या विंडोवर हा प्रयोग केला की नकार मिळतो. म्हणून ज्याला सगळ्या प्रोग्रामांच्या टायटल बार बदलायच्या आहेत, त्याने आपला कोड त्या प्रत्येक प्रोग्रामच्या आत नेऊन ठेवला पाहिजे.

असंच असायला हवं होतं असं नाही. युनिक्सच्या जगात १९८७ साली आलेल्या एक्स-११ ने वेगळा मार्ग धरला. तिथे विंडो मॅनेजर हा स्वतंत्र प्रोग्राम असतो. तो इतरांच्या विंडो आपल्या मोठ्या चौकटीत बसवतो, आणि ती चौकट, तिच्यावरची नावाची पट्टी, बटणं, सगळं त्याच्या मालकीचं असतं. चौकटीचा नूर पालटायचा तर त्या एकाच प्रोग्रामला सांगायचं. इमारतीला बाहेरून कोणता रंग द्यायचा ते सोसायटी ठरवते आणि रंगारी बाहेरूनच परांचीवर चढतो, तशी ही व्यवस्था. विंडोजमध्ये मात्र प्रत्येक फ्लॅटची बाहेरची भिंत त्या त्या घरात शिरूनच रंगवायची. सगळी इमारत रंगवायची तर रंगाऱ्याला घरोघर जावंच लागणार, आणि त्या घरांत ब्राउझरचंही घर आलं.

अशा घरोघर जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत नाव झालं ते विंडोब्लाइंड्सचं. ते करणारी स्टारडॉक ही मिशिगनमधली कंपनी ब्रॅड वॉर्डेल यांनी १९९१ साली सुरू केली. तिचं पहिलं मोठं काम आयबीएमच्या ओएस/२ वर झालं, तिथे त्यांचं ऑब्जेक्ट डेस्कटॉप चाललं. ओएस/२ ची पडती सुरू झाल्यावर ही मंडळी विंडोजकडे वळली आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीला विंडोब्लाइंड्स लोकांच्या हाती आलं. तो काळ सजावटीच्या वेडाचा होता. विनॲम्पच्या स्किन्सचा सुळसुळाट होता, आणि २००० साली सुरू झालेल्या डेव्हियंटआर्टच्या सुरुवातीच्या गर्दीत स्किन बनवणारे पुष्कळ होते. पण विनॲम्प आपलीच विंडो आपणच रंगवत असे. त्याला कुणाच्या घरात शिरायची गरज नव्हती. रेनमीटरचंही तसंच: घड्याळ, हवामान, प्रोसेसरचा आलेख हे सगळं तो स्वतःच्या छोट्या विंडोंमध्ये दाखवतो. विंडोब्लाइंड्सने वचन दिलं होतं ते सर्व विंडोंचं. नोटपॅडला लाकडी चौकट आणि ब्राउझरला करडी, असं झालं तर ते वचनच मोडलं. त्यातही ब्राउझर ही दिवसभर उघडी राहणारी विंडो. ती वगळून डेस्कटॉप बदलला असं कोण म्हणेल?

आत शिरायचे मार्ग मुख्यतः तीन, आणि त्यांतले दोन मायक्रोसॉफ्टने स्वतःच बांधून दिलेले. रजिस्ट्रीत ‘ॲपइनिट-डीएलएल्स’ नावाची एक नोंद आहे. तिथे फाइलचं नाव लिहिलं की यूझर३२ वापरणारा प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना ती फाइल आपल्या पोटात घेतो. विंडोब्लाइंड्सची डब्ल्यूबीसिस नावाची डीएलएल इथेच लिहिलेली असे. ज्यांनी २००० नंतरच्या दशकात व्हायरस लागलेली मशीन्स साफ केली आहेत, त्यांना हायजॅकधिस या प्रोग्रामच्या अहवालातली ‘ओ-२०’ ने सुरू होणारी ओळ आठवेल. त्या ओळीत हेर प्रोग्रामांची नावं असत, आणि त्याच ओळीत ही बिचारी डब्ल्यूबीसिसही. वाट एकच असल्याने चोर आणि रंगारी एकाच रकान्यात दिसत, आणि घाईने साफसफाई करणाऱ्यांच्या हातून दोघेही जात. स्वतः मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २००७ साली या नोंदीवर सडकून लिहिलं. मशीन अडकवणाऱ्या किंवा वाटेल तेव्हा पाडणाऱ्या डीएलएल, अशा अर्थाचं नाव तिला द्यायला हवं, असं त्यांचं मत होतं. विंडोज ८ पासून, सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर ही वाट बंदच करण्यात आली.

दुसरी वाट हुकची. ‘एखादी विंडो तयार होणार असेल तर मला आधी कळव’ असं एखादा प्रोग्राम विंडोजला सांगू शकतो. ही बातमी सगळ्या प्रोग्रामांकडून हवी असेल, तर ऐकणारं फंक्शन डीएलएलमध्ये असलं पाहिजे, असा नियम आहे. मग विंडोज स्वतःच ती डीएलएल उचलून विंडो असलेल्या प्रोसेसमध्ये नेऊन ठेवते. सजावटीच्या सॉफ्टवेअरचं मॉड्यूल ब्राउझरमध्ये दिसतं तेव्हा अनेकदा ते अशा रीतीने, ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाताने तिथे पोचलेलं असतं. बत्तीस-बिटी डीएलएल चौसष्ट-बिटी प्रोसेसमध्ये जाऊ शकत नाही, म्हणून अशी मॉड्यूल्स बहुधा जोडीने येतात. तिसरी वाट दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये परभारे नवा थ्रेड सुरू करून त्याच्याकडून आपली फाइल लोड करवण्याची. ती धाडसी आहे, आणि अँटिव्हायरसना तिचा संशय येतो तो उगाच नाही.

हुकच्या वाटेबद्दल एक बारकावा इथेच सांगून ठेवतो, कारण त्याने अनेकांचा गैरसमज होतो. या सॉफ्टवेअरमध्ये सहसा अपवादांची यादी असते. तिच्यात ब्राउझरचं नाव घातलं तरी मॉड्यूल ब्राउझरमध्ये दिसतच राहतं, आणि वापरणाऱ्याला वाटतं की आपल्याला फसवलं. पण आपण कोणत्या प्रोग्राममध्ये आलो आहोत हे पाहायला त्या मॉड्यूलला आधी आत यावं लागतं. नाव वाचून ते स्वस्थ बसतं. यादीत दिसणं आणि काम करत असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आत आल्यावर काय घडतं? कधी विंडोचं संदेश-फंक्शन बदलून चौकटीचे संदेश मधल्यामध्ये उचलले जातात. तेवढ्याने भागत नसेल, तर विंडोजचीच फंक्शन्स वळवावी लागतात. ही करामत जवळून पाहण्यासारखी आहे. फंक्शनच्या सुरुवातीच्या पाच बाइट खोडून तिथे उडी मारण्याची सूचना लिहायची, म्हणजे हाक मारणारा पोचतो तो आपल्या कोडमध्ये. खोडलेल्या सूचना दुसरीकडे जपून ठेवायच्या, आपलं काम झालं की त्या चालवायच्या आणि मूळ फंक्शनच्या उरलेल्या भागात परत जायचं. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या गॅलन हंट आणि डग ब्रुबेकर यांनी १९९९ साली हे तंत्र डिटूर्स या नावाने नीट मांडलं. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून तर विंडोजच्या अनेक फंक्शन्सच्या तोंडाशी दोन बाइटची एक निरर्थक सूचना मुद्दाम ठेवलेली असते. चालू मशीनवर दुरुस्तीची उडी बसवता यावी म्हणून मायक्रोसॉफ्टने ती ठेवली होती.

मायक्रोसॉफ्टचा संबंध इथेच संपत नाही. २००१ साली एक्सपी निळ्या-हिरव्या लूना थीमसह आलं. ती थीम रंगवणारी यूएक्सथीम ही डीएलएलही प्रत्येक प्रोसेसच्या आतच बसते आणि डेफविंडोप्रॉककडे निघालेले चौकटीचे संदेश मध्ये उचलते. म्हणजे विंडोब्लाइंड्स जे करत होतं, तेच ऑपरेटिंग सिस्टिमने स्वतःसाठी केलं. फायरफॉक्ससारखा ब्राउझर वेब-पानातली बटणं आणि रकाने विंडोजच्या रूपाशी जुळावेत म्हणून यूएक्सथीमकडूनच रंगवून घेई, त्यामुळे बाहेरच्या स्किनची छटा पानाच्या आतपर्यंत पोचत असे. मात्र थीमच्या फाइलवर मायक्रोसॉफ्टची सही नसेल, तर यूएक्सथीम ती नाकारते. माझा आक्षेप इथे आहे. दुसऱ्या कलाकारांसाठी रीतसर दार ठेवलं असतं, तर एवढ्या लोकांना खिडकीतून चढून यावं लागलं नसतं. ब्राउझर पडण्याचं खापर सजावट करणाऱ्यांवर फोडलं जातं. त्यातला मोठा वाटा मी दार न ठेवणाऱ्याच्या पदरात घालतो.

ब्राउझर बनवणाऱ्यांची बाजू मात्र हलक्यात घेण्यासारखी नाही. परकं मॉड्यूल ब्राउझरच्या एका विशिष्ट आवृत्तीच्या अंदाजाने लिहिलेलं असतं, आणि ब्राउझर दर काही आठवड्यांनी बदलतो. एकाच फंक्शनवर दोन परक्या मॉड्यूल्सनी उड्या बसवल्या आणि पहिलं आधी निघून गेलं, तर दुसऱ्याची उडी रिकाम्या मेमरीत पडते. डीएलएल लोड होत असतानाच भलतं काम सुरू केलं, तर लोडरचं कुलूप अडकतं आणि विंडो थिजून बसते. वापरणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की ब्राउझर पडला. क्रॅशचा अहवाल ब्राउझरवाल्यांकडे जातो. त्यात परक्या मॉड्यूलचं नाव असतं, पण त्याचा सोर्स त्यांच्याजवळ नसतो. ते दुरुस्त काय करणार? सुरक्षिततेचा मुद्दा वेगळाच. ज्या डीएलएलचा मेमरीतला पत्ता दर वेळी बदलत नाही, अशी एक जरी जुनी फाइल आत आली, तरी हल्लेखोराला पाय रोवायला पक्की जागा मिळते. बाकी ब्राउझरने घेतलेली काळजी मग पुरी पडत नाही.

क्रोमने नोव्हेंबर २०१७ मध्ये या बाबतीत आकडे दिले. विंडोजवर क्रोम वापरणाऱ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांच्या मशीनवर क्रोमशी संबंध ठेवणारं दुसरं काही सॉफ्टवेअर होतं. जिथे असं सॉफ्टवेअर क्रोममध्ये कोड घुसवत होतं, तिथे क्रॅश होण्याची शक्यता १५ टक्क्यांनी जास्त होती. यावर त्यांनी टप्प्याटप्प्याने बंदीची योजना जाहीर केली: आधी क्रॅशनंतर सूचना, मग अडवणूक, आणि २०१९ च्या सुरुवातीला पूर्ण मनाई. मायक्रोसॉफ्ट एजने त्याआधीच, नोव्हेंबर २०१५ मध्ये, ठरावीक सह्या नसलेल्या डीएलएलना दार बंद केलं होतं. फायरफॉक्सने फेब्रुवारी २०२३ मध्ये, ११० व्या आवृत्तीत, निर्णय वापरणाऱ्याच्या हाती दिला. यादी पाहा आणि नको असेल ते मॉड्यूल अडवा. या तिघांत मला फायरफॉक्सची रीत पटते. मशीन ज्याचं आहे, त्याला आत काय चाललं आहे हे दाखवून विचारलं जातं. धोका आहे, पण वापरणाऱ्याशी प्रौढासारखं बोललं जातं.

क्रोमच्या बंदीला तीन अपवाद होते, आणि ते या पुस्तकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. मायक्रोसॉफ्टची सही असलेला कोड, अपंगांसाठीची साहाय्यक सॉफ्टवेअर्स आणि भाषा टाइप करण्याची सॉफ्टवेअर्स. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर घ्या. दृष्टिहीन माणसाला वेब-पान वाचून दाखवायचं तर त्या पानाची रचना वेगाने चाळावी लागते. बाहेरून एकेक घटक विचारत बसलं तर वेळ लागतो, म्हणून एनव्हीडीएचं मॉड्यूल ब्राउझरच्या आत बसतं. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक एनजी आवाज मराठीही वाचतो. मराठी पान ऐकणाऱ्यासाठी ब्राउझरमधलं ते परकं मॉड्यूल म्हणजे वाचनाचा आधार आहे.

मराठी टाइप करणाऱ्यांचं नातं तर आणखी जुनं. सी-डॅकचं आयएसएम किंवा श्रीलिपी चालू करून पेजमेकरमध्ये ज्यांनी मजकूर बसवला आहे, त्यांनी दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये आपली भाषा उमटवण्याची गरज रोज अनुभवली आहे. पेजमेकर बनवणाऱ्यांनी मराठीचा विचार केलेला नव्हता. तो कोणीतरी बाहेरून करावा लागला. विंडोजमध्ये पुढे टेक्स्ट सर्व्हिसेस फ्रेमवर्क आलं, आणि त्यातला इनपुट मेथड प्रत्येक प्रोग्रामच्या आतच डीएलएल म्हणून लोड होतो, ब्राउझरमध्येसुद्धा. रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी उमटवणारं असं साधन वापरणारा प्रत्येक जण ब्राउझरमध्ये एक जादा मॉड्यूल घेऊनच बसलेला असतो. ‘बाहेरचं ते सगळं हाकला’ हा सल्ला आपल्या भाषेला परवडणारा नाही, हे सांगताना मला कसलाही संकोच वाटत नाही.

भाषेची आणि दृष्टिहीनांची गरज मोठी, चौकटीच्या रंगाची हौस छोटी, हे खरं. तरी हौसेला कमी लेखू नये असं मला वाटतं. दिवसाचे आठ-दहा तास ज्या पडद्यासमोर जातात, तो आपल्या आवडीचा असावा असं वाटण्यात गैर काय? फार झगझगीत पांढरं डोळ्यांना सोसत नाही म्हणून लोक स्किन लावत, बंद करायचं बटण नीट दिसावं म्हणून लावत. आज ब्राउझरात आणि खुद्द विंडोजमध्ये डार्क मोड आहे. तो येण्याच्या कितीतरी आधी तो लोकांनी या सॉफ्टवेअरच्या जोरावर स्वतःच करून घेतला होता.

दरम्यान चौकटीची मालकीही हलली. व्हिस्टापासून काचेसारख्या कडा डेस्कटॉप विंडो मॅनेजर या वेगळ्या प्रोसेसमध्ये रंगू लागल्या. वरवर पाहता एक्स-११ सारखीच व्यवस्था आली, आता घरोघर जायचं कारण उरलं नाही, असं वाटलं असतं. पण त्याच सुमारास ब्राउझरांनी टायटल बारची जागा स्वतःकडे घेतली. २००८ साली क्रोम आला तोच टॅब वरच्या कडेला भिडवून. २०११ साली फायरफॉक्स ४ ने तेच केलं. त्या पट्टीतली प्रत्येक रेघ आता ब्राउझर स्वतः काढतो. फायरफॉक्स ८९ ने २०२१ साली वेब-पानातली बटणं आणि रकानेही यूएक्सथीमकडून काढून घेतले. त्यामुळे आज सजावटीचं मॉड्यूल ब्राउझरमध्ये पोचलं, तरी तिथे रंगवायला फारसं काही शिल्लक नसतं.

म्हणून पुढची प्रकरणं वाचताना ‘अबाउट:थर्ड-पार्टी’ची यादी शेजारी उघडी ठेवावी. प्रत्येक नावापुढे कंपनी, सही, आवृत्ती आणि लोड व्हायला लागलेला वेळ दिलेला असतो. त्या मॉड्यूलच्या कोडमध्ये पूर्वी क्रॅश झाला असेल तर तशी खूणही असते. सही नाही, कंपनी नाही, आणि आपण बसवल्याचंही आठवत नाही, असं काही दिसलं तर ते आधी अडवावं आणि मग शोध घ्यावा. स्वतः हौसेने बसवलेल्या सॉफ्टवेअरचं नाव दिसलं तर ते कोणत्या वाटेने आलं हे पहिल्या तीन प्रकरणांवरून ओळखता येईल. आणि ज्यांना आपली स्किन ब्राउझरच्या वरच्या कडेवर अजूनही हवी आहे, त्यांनी फायरफॉक्सच्या टूलबार बदलण्याच्या पानावर जाऊन खालच्या कोपऱ्यातल्या ‘टायटल बार’ या चौकोनात टिक करावी. ब्राउझर ती पट्टी विंडोजकडे परत देतो.